गोचीड तापासाठी पीसीआर: तबेल्यात नमुना घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

भिवंडी, कल्याण, दिवा, मुंब्रा या पट्ट्यातल्या तबेल्यांत म्हैस बहुधा ट्रकने येते. हरियाणाची मुऱ्हा, गुजरातची मेहसाणा किंवा जाफराबादी ताजी व्यालेली घ्यायची, वेत सरेपर्यंत धार काढायची, आटली की गावाकडे चराईला धाडायची नाहीतर विकायची आणि रिकाम्या दावणीला नवी आणून बांधायची. शहापूर-मुरबाडकडे दोन-चार देशी गुरं, एखादी संकरित होल्स्टीन किंवा जर्सी, पावसाळ्यात माळावर चराई आणि पौषातल्या म्हसा यात्रेत बैलांची खरेदी-विक्री. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: जनावर दावण बदलतं तेव्हा त्याच्या रक्तातलं आणि कातडीवरचं सगळं सोबत येतं.

म्हणूनच आपल्या जिल्ह्यात पीसीआरला, म्हणजे रक्तातल्या जंतूचा डीएनए वाढवून तो ओळखणाऱ्या तपासणीला, मोल आहे. पण प्रयोगशाळेत पोहोचणारे नमुने पाहिले की कळतं, अडतं ते यंत्रापाशी नाही. रक्त इंजेक्शन दिल्यावर काढलेलं असतं, नळी भलत्याच टोपणाची असते, आणि नेमकं काय शोधायचं हे कुणी लिहिलेलंच नसतं. मग अहवाल येतो आणि त्याचा अर्थ लावायला कुणाकडे आधार नसतो. क्षेत्रावर काम करणारे पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक, नव्याने प्रयोगशाळेत लागलेली मुलं आणि आपल्या जनावराचा अहवाल स्वतः समजून घेऊ पाहणारे तबेलेवाले, या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

शोधायचं कोणाला

थायलेरिया अ‍ॅन्युलाटा हा गोचिडीतून येऊन ताप देणाऱ्या चार जंतूंतला सगळ्यांत घातक. हायलोमा जातीची गोचीड तो पसरवते. आधी तो पांढऱ्या पेशींत वाढतो, म्हणून खांद्यापुढची गाठ सुजते, आणि मग तांबड्या पेशींत शिरतो. थायलेरिया ओरिएंटालिस त्याचाच भाऊबंद, एरवी सौम्य, पण नुकत्याच व्यालेल्या किंवा अशक्त जनावरात रक्त चांगलंच कमी करतो. बबेसिया बायजेमिना तांबड्या पेशी फोडतो आणि लघवी कॉफीसारखी होते. त्याची वाहक ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, जिला अजूनही अनेकजण बूफिलस म्हणतात. चौथा अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनेल. हा परजीवी नसून जिवाणू आहे, पण गोचिडीतून येतो, लक्षणंही मिळतीजुळती देतो, त्यामुळे तपासणीच्या यादीत त्याला जागा हवीच.

नाव कळणं इतकं गरजेचं का? कारण औषधं वेगळी आहेत. थायलेरियाला बुपारव्हाक्वोन लागतं. बबेसियाला डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब. अ‍ॅनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन, किंवा तेही इमिडोकार्ब. तिन्ही-चारही एकदम टोचून टाकण्याची पद्धत तबेल्यांत सर्रास दिसते. आधीच रक्त कमी झालेल्या, यकृत थकलेल्या जनावरावर हा मारा करणं मला अजिबात मान्य नाही. शिवाय जनावर बरं झालं तरी नेमकं कशाने आजारी होतं ते कधीच कळत नाही आणि शेजारच्या दावणीचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहतो.

म्हशीबद्दल वेगळं सांगायला हवं. अ‍ॅन्युलाटा आणि म्हैस यांचं नातं फार जुनं मानतात. म्हैस बऱ्याचदा तो रक्तात बाळगते आणि तिला काही होत नाही. तिच्याच तबेल्यात बांधलेली संकरित गाय किंवा तिचं वासरू मात्र त्याच परजीवीने आठवडाभरात आडवं होतं. मिश्र तबेल्यात गाय आजारी पडली तर रक्त फक्त गाईचं काढू नका.

आधी प्रश्न, मग सुई

फॉर्म भरण्याआधी स्वतःला विचारा: हे रक्त कशासाठी पाठवतोय? आजारी जनावराचं निदान, विकत आणलेल्या जनावराची छाननी, उपचारानंतरची खात्री आणि पुन्हा पुन्हा ताप येण्याचं कारण, हे चार वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला तातडी असते, तिथे काचपट्टीवर (रक्ताचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून) निर्णय घेऊन पीसीआर मागून आली तरी चालते. दुसऱ्याला पीसीआरशिवाय फारसा इलाज नाही, कारण वाहक जनावराच्या रक्तात परजीवी इतके विरळ असतात की सूक्ष्मदर्शकाखाली तासभर बसूनही सापडत नाहीत. अ‍ॅन्युलाटाच्या टॅम्स-१ जनुकावरच्या पीसीआरमध्ये दर मायक्रोलिटर रक्तात दोन-तीन परजीवी असले तरी पकडता येतात, असं १९९५ सालीच दाखवून झालं आहे. तेवढ्या रक्तात तांबड्या पेशी सत्तर लाखांच्या घरात असतात.

प्रश्न ठरला की जनावर नीट तपासा. ताप १०४ ते १०७ अंश फॅरनहाइट आहे का, खांद्यापुढची आणि मांडीपुढची गाठ दोन्ही बाजूंनी चाचपून सारखी लागते का, डोळ्याच्या आतली कातडी पांढरी, पिवळी की टिपक्यांची, लघवीचा रंग काय. शेपटी उचलून खाली, कासेवर, मांड्यांच्या आत, कानाच्या पाळीत गोचिडी बघा. हे सगळं फॉर्मवर लिहा. गाठ सुजलेली आहे की नाही या एका नोंदीवर पुढे अहवालाचा अर्थ बदलतो.

काचपट्टी सोडू नका

पीसीआर करायची म्हणजे काचपट्टी नको, हा समज काढून टाका. पट्टी सांगते आत्ता किती परजीवी आहेत, पीसीआर सांगते ते कोण आहेत. दोन्ही लागतात.

कानाच्या कडेची बारीक शीर घ्या. केस कापा, स्पिरिटने पुसा आणि स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओलं राहिलं तर तांबड्या पेशी फुटतात. सुईने टोचून आलेल्या थेंबातला अगदी छोटा भाग पट्टीच्या टोकाला घ्या, दुसरी पट्टी तिरकी धरून थेंब तिच्या कडेने पसरू द्या आणि एका दमात पुढे ढकला. चांगला लेप जिभेच्या आकाराचा होतो आणि टोकाला इतका विरळ असतो की खालचा वर्तमानपत्र वाचता येतो. जाड लेपात थायलेरिया दिसणार नाही. एका जनावराच्या दोन पट्ट्या करा.

आपल्याकडचा पावसाळा इथे आड येतो. जून ते सप्टेंबर हवेतच इतका ओलावा असतो की लेप लवकर वाळत नाही, पेशी आक्रसतात आणि त्यांच्यात चमकणारे गोल ठिपके तयार होतात. नवशिका त्यांनाच परजीवी समजतो. लेप लगेच हवेत हलवून किंवा छोट्या पंख्यासमोर धरून वाळवा आणि तिथेच मिथेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं बुडवून पक्का करा. मिथेनॉलची बाटली घट्ट झाकणाची ठेवा, त्यात पाणी शिरलं तर फायदा संपला. नंतर जिएम्सा रंगात अर्धा तास. शंभरच्या भिंगाखाली तेल टाकून पाहताना थायलेरिया स्वल्पविराम, अंगठी किंवा काडीसारखा दिसतो. बबेसिया बायजेमिना जोडीने, निमुळत्या टोकाशी जुळलेल्या दोन मोठ्या नासपतींच्या आकारात. अ‍ॅनाप्लाझ्मा पेशीच्या कडेला गडद ठिपका.

गाठ सुजली असेल तर तिच्यात सुई घालून आलेल्या थेंबाचाही लेप करा. पांढऱ्या पेशींच्या आत निळसर-जांभळे ठिपक्यांचे पुंजके दिसले, ज्यांना आपण कॉक्स ब्लू बॉडी म्हणतो, तर आजार आत्ता चालू आहे. त्या क्षणी पीसीआरची वाट पाहत बसू नका. उपचार सुरू करा, पण पुढच्या परिच्छेदातलं काम झाल्यावरच.

रक्त: औषधाच्या आधी, जांभळ्या टोपणात

पहिलं इंजेक्शन देण्याआधी रक्त काढा. औषधानंतर परजीवी घटतात, तरी त्यांचे अवशेष काही काळ रक्तात राहतात, त्यामुळे तो अहवाल ना धड होकार ना नकार. मालक घाईत असतो, जनावर तापाने फणफणलेलं असतं, हे समजतं. पण मानेच्या शिरेतून तीन मिली रक्त घ्यायला दोन मिनिटं पुरतात.

नळी जांभळ्या टोपणाची, म्हणजे रक्त साकळू न देणाऱ्या ईडीटीएची. हिरव्या टोपणाची हेपरिनची नळी पीसीआरला वापरू नका, हेपरिन त्या अभिक्रियेलाच अडवतं. लाल टोपणाच्या नळीत रक्त साकळतं आणि त्यातून डीएनए काढणं जिकिरीचं होतं. भरल्यावर नळी आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करा. जोरात हलवलीत तर पेशी फुटतील, आणि फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिनही पीसीआरच्या आड येतं.

नळीवर पेन्सिलने किंवा पक्क्या शाईने कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा. "काळी म्हैस, चौथी दावण" हे लेबल आठवड्यात निरर्थक होतं, कारण चौथ्या दावणीला तोवर दुसरी म्हैस आलेली असते. फॉर्मवर वय, जात, गाभण किंवा व्यालेली कधी, कुठून आणि कधी आणली, गेल्या दोन महिन्यांत कोणती औषधं दिली आणि थायलेरियाची लस दिली असेल तर तिची तारीख. शेवटी शोधायची नावं: "थायलेरिया अ‍ॅन्युलाटा, थायलेरिया ओरिएंटालिस, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा". नुसतं "पीसीआर करावी" असं लिहिलं तर प्रयोगशाळा काय करणार? पीसीआर ज्याचा प्रायमर (त्याच्या डीएनएला जुळणारा छोटा तुकडा) घालाल त्यालाच शोधते.

म्हशीला अधूनमधून ताप, पोटाखाली सूज, चक्कर अशी लक्षणं असतील तर यादीत सर्राही टाका. तो ट्रायपॅनोसोमा इव्हान्सायमुळे होतो आणि गोचीड नव्हे तर चावऱ्या माश्या पसरवतात, पण त्याच नळीतल्या रक्तावर ती तपासणी होते.

पाठवणं

नळी शीतपेटीत ठेवा, पण बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटवू नका. मध्ये कागद घाला. ४ अंश सेल्सिअसला रक्त काही दिवस चांगलं राहतं. उशीर होणारच असेल तर थोडं रक्त वेगळ्या छोट्या नळीत काढून उणे २० अंशाला गोठवा. एकदा गोठवलं की पुन्हा पुन्हा वितळवू नका. पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) काढायचं रक्त मात्र कधीच गोठवायचं नाही.

मुरबाड-शहापूरच्या आतल्या पाड्यांत वीज जाते, बर्फ मिळत नाही. तिथे एफटीए कार्ड, म्हणजे रक्तातला डीएनए टिकवून धरणारा खास कागद, कामाला येतं. कार्डावर रक्ताचे थेंब टाकून सावलीत पूर्ण वाळवा, शोषक पुडीसह पाकिटात बंद करा, ते साध्या तापमानाला टपालानेही जाऊ शकतं. मर्यादा एवढीच की कार्डाच्या छोट्या चकतीत रक्त फार थोडं असतं, त्यामुळे विरळ परजीवी असलेलं वाहक जनावर निसटू शकतं. आजारी जनावराला कार्ड चालेल, खरेदीच्या छाननीला शक्यतो नळीच.

परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ पासूनचं, आपल्याला लोकलच्या अंतरावर आहे. पुण्याला औंध इथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. कोणती चाचणी सध्या चालू आहे, नमुना कोणत्या दिवशी घेतात आणि शुल्क काय, हे आधी विचारून मगच माणूस पाठवा. सरकारी दवाखान्यामार्फत पाठवायचं असेल तर तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचं पत्र जोडा. जनावर हलवण्याच्या स्थितीत नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मागवता येतं.

प्रयोगशाळेत काय होतं

साधारण २०० मायक्रोलिटर रक्त प्रोटिनेज-के आणि विघटक द्रावणासोबत ५६ अंशाला ठेवतात, मग सिलिकाच्या स्तंभातून धुऊन डीएनए वेगळा काढतात. शुद्धता पाहताना २६० आणि २८० तरंगलांबीचं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. इथे नव्या मुलांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: यंत्र जो डीएनए मोजतं तो जवळजवळ सगळा गाई-म्हशीच्या पांढऱ्या पेशींचा असतो. आकडा छान आला म्हणजे परजीवीचा डीएनए हाती लागला असं नव्हे.

२५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात निम्मं मास्टर मिक्स (डीएनए वाढवणारं तयार द्रावण), दोन्ही प्रायमर, दोन ते पाच मायक्रोलिटर डीएनए आणि बाकी शुद्ध पाणी. ९५ अंशाला पाच मिनिटं, मग ३५ आवर्तनं: ९४ किंवा ९५ अंशाला साखळ्या सुट्या होणं, प्रायमरनुसार ५५ ते ६० अंशाला जुळणं, ७२ अंशाला वाढणं. शेवटी ७२ अंशालाच सात-दहा मिनिटं.

दीड टक्क्याच्या अगारोज जेलमध्ये वाढलेल्या डीएनएच्या पट्ट्या दिसतात त्या अशा: अ‍ॅन्युलाटाच्या टॅम्स-१ ची ७२१ बेस पेअरवर (हे डीएनएच्या लांबीचं माप), ओरिएंटालिसच्या एमपीएसपी जनुकाची ७७६ वर, बबेसिया बायजेमिनाच्या नेहमीच्या प्रायमरची २७८ वर. पहिले दोन आकडे पुन्हा वाचा. ७२१ आणि ७७६ यांत जेमतेम ५५ चा फरक आहे. जेल घाईत बंद केला तर दोन्ही पट्ट्या एकाच उंचीवर भासतात. अ‍ॅन्युलाटा आणि ओरिएंटालिस म्हणूनच वेगवेगळ्या नळ्यांत करावेत, आणि जेल शंभर-शंभरच्या टप्प्यांच्या मापाच्या शिडीसोबत पुरेसा लांब पळवावा.

प्रत्येक फेरीत तीन नियंत्रणं हवीत. खात्रीचा बाधित डीएनए, डीएनएऐवजी नुसतं पाणी, आणि प्रत्येक नमुन्यात गाई-म्हशीच्याच एखाद्या जनुकाची पीसीआर. ती तिसरी चाचणी अनेक ठिकाणी गाळतात, आणि तिथेच खोटे नकार जन्माला येतात. जनावराचं स्वतःचं जनुकही वाढलं नाही, तर अभिक्रिया अडली आहे. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. पाण्याच्या नळीत पट्टी आली तर त्या फेरीतला एकही निकाल देऊ नका. मिश्रण भरण्याची जागा आणि वाढलेला डीएनए उघडण्याची जागा वेगळी ठेवणं, पिपेटला गाळणीची टोकं वापरणं आणि ओटा ब्लीचने पुसणं यावर इथे सगळं उभं आहे.

टॅम्स-१ जनुकात वाणावाणांत फरक आढळतो, त्यामुळे एखादा वाण निसटतो. सायटोक्रोम-बी जनुकावरची पीसीआर त्या मानाने हुकमी, कारण त्याच्या प्रती एका परजीवीत पुष्कळ असतात. त्याच जनुकातल्या बदलांचा संबंध बुपारव्हाक्वोनला दाद न देणाऱ्या थायलेरियाशी ट्युनिशिया आणि इराणमध्ये दिसला आहे. वजनानुसार पूर्ण मात्रा देऊनही जनावराचा ताप उतरत नसेल, तर ते रक्त जपून ठेवा आणि सायटोक्रोम-बीच्या क्रमनिर्धारणाची (जनुकाचा क्रम वाचण्याची) मागणी करा.

अहवाल हातात आल्यावर

होकार म्हणजे परजीवीचा डीएनए रक्तात आहे. जनावर त्यानेच आजारी आहे, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. ताप, सुजलेली गाठ, काचपट्टीवर परजीवी, पीसीव्ही २४ टक्क्यांच्या खाली आणि पीसीआर होकारार्थी, असं जुळलं तर निदान पक्कं. पण ताप नाही, खाते-पिते, दूध नेहमीचं, पीसीव्ही चांगलं आणि तरी अ‍ॅन्युलाटा होकारार्थी, अशा म्हशी तबेल्यात भेटणारच. त्या वाहक आहेत. केवळ कागदावर होकार आला म्हणून त्यांना बुपारव्हाक्वोन देऊ नका. ते औषध आजार आवरतं, पण वाहकपण दर वेळी पुसत नाही, आणि ज्याच्या गरजेशिवाय वापराने प्रतिकार वाढतो ते आपल्याकडचं जवळजवळ एकमेव हत्यार आहे. याच कारणाने उपचारानंतर पंधरवड्यात पीसीआर पुन्हा होकारार्थी आली तर घाबरू नका. ताप उतरला का आणि पीसीव्ही चढतंय का ते बघा. औषध दिलं असेल तर दुधासाठी लेबलवर दिलेला काळ पाळा. आपलं दूध दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं.

दोन परजीवी एकत्र निघणं नेहमीचं आहे. अशा वेळी उपचाराचा क्रम लक्षणं आणि काचपट्टीवरून पशुवैद्यकाने ठरवावा.

नकाराचाही अर्थ लावावा लागतो. गोचीड चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत थायलेरियात साधारण एक ते तीन आठवडे जातात, आणि सुरुवातीला परजीवी गाठीत असतो, फिरत्या रक्तात फार नाही. म्हणून ट्रकमधून उतरलेल्या दिवशी आलेला नकार पुरेसा नाही. नवं जनावर वेगळं बांधा, त्याच दिवशी एक नमुना आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरा. तबेल्यात जागेची किती ओढाताण असते ते रोज पाहतो, तरी एक कोपरा यासाठी राखायलाच हवा.

गोचीड आणि भिंत

वाहक म्हैस सापडली की पुढचं काम गोचीड तोडण्याचं. हायलोमा अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या फटींत, जुन्या लाकडांच्या मागे दडते आणि कात टाकून पुन्हा जनावर शोधते. परजीवी तिच्या एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जातो, अंड्यांतून जात नाही. भेगा सिमेंटने बुजवणं, भिंतीला चुना आणि पशुवैद्यकाने सांगितलेलं औषध भेगांत मारणं याने ही साखळी तुटते. ऱ्हिपिसेफॅलसचं उलट आहे: ती सगळं आयुष्य एकाच जनावरावर काढते आणि बबेसिया अंड्यांतून पुढच्या पिढीला देते. तिथे भिंतीइतकंच जनावराच्या अंगावर ठरलेल्या अंतराने औषध लावणं महत्त्वाचं. म्हणजे अहवालात कोणाचं नाव आलं यावर फवारणी कुठे करायची ते ठरतं.

गोचिडीतूनही पीसीआर होते. मात्र रक्त पिऊन टम्म झालेल्या गोचिडीत परजीवी सापडला तर तो तिने नुकत्याच प्यायलेल्या रक्तातलाही असू शकतो, त्यावरून तिला वाहक ठरवता येत नाही. ओळख पटवण्यासाठी गोचिडी द्यायच्या असतील तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, हातमोजे घाला, बोटांनी चिरडू नका. हायलोमा माणसाला काँगो ताप देऊ शकते. देशातला त्याचा पहिला उद्रेक २०११ मध्ये गुजरातेत झाला, आणि आपली जनावरं त्याच बाजूने येतात. काढलेल्या गोचिडी ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाका आणि बाटलीवर जनावराचा तोच १२ अंकी क्रमांक घाला, म्हणजे रक्ताचा अहवाल आणि गोचिडीची जात एकाच नोंदीत येईल.